विकिपीडियाचा विमान-अपघात विभाग: साडेतीन स्टार, आणि ते का ते सविस्तर

विकिपीडियाचा कोणी रिव्ह्यू लिहितं का असं म्हणाल, पण आपण रोज फुकटात वापरतो ती पण सर्व्हिसच आहे ना, मग लिहायला काय हरकत आहे. अख्ख्या विकिपीडियाबद्दल नाही बोलत, फक्त एका कोपऱ्याबद्दल, विमान अपघात. आणि त्यातही एकच गोष्ट बघितलीय, की कुठल्या अपघाताला स्वतःचं वेगळं पान मिळतं आणि कुठला अपघात एअरलाइनच्या नाहीतर विमानाच्या मॉडेलच्या पानावर एका ओळीत आटोपतात. मला विमानांचं वेड आहे, अपघातांचे सरकारी रिपोर्ट पीडीएफमध्ये वाचायची सवय आहे (घरचे म्हणतात झोपायच्या आधी हे कशाला वाचतोस, बरोबरच आहे त्यांचं), त्यामुळे हा कोपरा मी जरा जास्तच फिरलोय.

आधी नियम काय ते सांगतो कारण बहुतेकांना वाटतं किती माणसं गेली त्यावर पान ठरतं. तसं अजिबात नाहीये. मूळ निकष एवढाच की त्या घटनेबद्दल भरवशाच्या, स्वतंत्र लोकांनी सविस्तर लिहिलंय का, म्हणजे एअरलाइनचं प्रेस नोट धरत नाहीत. घटना असेल तर वरून अजून बघतात की लिहिणं चार दिवसांत थांबलं का पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं, आणि त्या घटनेनं काही कायमचं बदललं का. आम्ही पेपर नाही, हे त्यांचं लेखी धोरणच आहे. विमानवाल्या संपादकांनी स्वतःचं एक टिपण पण करून ठेवलंय, माणसं दगावली का, विमान कायमचं बाद झालं का, नियम-पद्धती बदलल्या का असे मुद्दे त्यात आहेत, पण ते मुख्यतः एअरलाइनच्या नाहीतर एअरपोर्टच्या पानावर अपघाताचा उल्लेख करायचा की नाही यासाठी आहे, वेगळ्या पानासाठी नाही, आणि तरी वाद पेटला की लोक तेच टिपण काढून एकमेकांना दाखवतात.

वाद कुठे होतो तर पान उडवायच्या चर्चेत. कोणाला वाटलं हे पान नको तर तो चर्चा लावतो, साधारण सात दिवस चालते, ठेवा, उडवा, दुसऱ्या पानात मिसळा, नुसतं तिकडे वळवा असे पर्याय असतात, आणि शेवटी एखादा अनुभवी माणूस निकाल देतो, तो पण मतं मोजून नाही तर मुद्दे बघून, निदान कागदावर तरी तसं आहे. सहमती झाली नाही तर पान राहतं. ह्या चर्चा सगळ्यांना वाचता येतात, अगदी जुन्या पण, आणि मला विचाराल तर ह्या सर्व्हिसचा सगळ्यात भारी भाग हाच आहे. छापील विश्वकोशात कुठली नोंद घ्यायची आणि कुठली नाही हे संपादक मंडळ बंद खोलीत ठरवायचं, ते योग्यच ठरवत असतील, पण का ठरवलं ते आपल्याला कधी कळलं नाही. इथे सगळं उघड्यावर भांडतात.

आता निकष चालतो का ते बघू. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडची फ्लाइट १७३ पडली. डीसी-८ विमान, १८९ लोक, त्यातले १० गेले. आकड्यावर गेलं तर तुलनेनं छोटा अपघात. पण झालं काय होतं, चाकं नीट बाहेर आली का याची शंका आली म्हणून कॅप्टन तासभर हवेतच घिरट्या घालत त्याच एका भानगडीत अडकला, बाकीच्या दोघांना दिसत होतं की इंधन संपत आलंय, पण कॅप्टनला ठणकावून सांगायची तेव्हा पद्धत नव्हती, आडून आडून सांगत राहिले आणि शेवटी एकेक करून इंजिनं बंद पडली. त्यानंतर युनायटेडनं १९८१ मध्ये कॉकपिटमधल्या सगळ्यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग चालू केलं, तेच पुढे सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणून जगभर गेलं. आज इंडिगोचा को-पायलट कॅप्टनला 'सर, गो अराउंड' (म्हणजे आत्ता उतरू नका, परत वर चला) म्हणून अडवू शकतो त्याचं मूळ ह्या दहा मृत्यूंमध्ये आहे. ह्याला पान नको म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही.

आणि शून्य मृत्यूवाले पण आहेत. हडसन नदीवर उतरवलेलं विमान सगळ्यांना माहितीये, पण आपल्या मुंबईचं ऐका. सप्टेंबर १९७२, जपान एअरलाइन्सची फ्लाइट ४७२, एवढं मोठं डीसी-८, उतरायचं होतं सांताक्रूझला आणि उतरलं जुहूच्या धावपट्टीवर! जुहू म्हणजे जिथे छोटी विमानं उतरतात, तिथे हे धूड कुठे थांबणार, गेलं पुढे धावपट्टी सोडून. कोणी मेलं नाही, विमान मात्र कामातून गेलं. मुंबईकरांना विचारा, शंभरातल्या नव्वदांना ही गोष्ट माहीत नसेल, पण इंग्रजी विकिपीडियावर पान आहे आणि असायलाच हवं, कारण दोन धावपट्ट्या जवळ असल्या की पायलटची फसगत कशी होते हे शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

सिंगापूर एअरलाइन्सची ३२१, मे २०२४, टर्ब्युलन्समध्ये एक प्रवासी दगावला, विमान धडधाकट. पान आहे. मला आधी वाटलं एका मृत्यूसाठी कशाला, पण त्यानंतर त्या एअरलाइननं सीटबेल्टचा दिवा लागला की गरम पेयं आणि जेवण देणं बंद केलं, म्हणजे काहीतरी बदललं, ठीक आहे, राहू दे. उलट जेट एअरवेजचं सप्टेंबर २०१८ चं ते मुंबई-जयपूर विमान आठवा, केबिनमध्ये हवेचा दाब राखणारं स्विच चालू करायचं राहिलं आणि लोकांच्या नाकाकानातून रक्त आलं, विमान मुंबईला परत. चॅनलवाल्यांनी मास्क लावलेल्या प्रवाशांचे व्हिडिओ दिवसभर फिरवले. भीतीदायक होतं यात वादच नाही, पण ज्ञानकोशात याची जागा एअरलाइनच्या पानावर एका परिच्छेदाची, त्याहून जास्त नाही. तसंच २०१९ च्या जुलैमध्ये पावसात स्पाइसजेटचं विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पुढे चिखलात रुतलं आणि धावपट्टी कित्येक दिवस बंद, आख्ख्या देशाचं वेळापत्रक कोलमडलं, तेही एअरपोर्टच्या पानावर शोभतं. आपल्याला किती त्रास झाला हा निकष धरला तर मुंबईच्या प्रत्येक पावसाळ्याला एक पान द्यावं लागेल.

आता जरा आपल्याकडच्या एका अपघातावर थांबतो, कारण साडेतीनच स्टार का, याचं उत्तर तिथे आहे. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), इंडियन एअरलाइन्सची फ्लाइट ४९१. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं बोइंग ७३७, चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. ११८ लोक. धावपट्टी संपते तिथून पुढे बीडचा रस्ता. विमान फार उशिरा उचललं, आणि रस्त्यावरून चालला होता कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक. विमानाचं डावं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला, रस्त्यापासून साधारण सात फुटांवर, म्हणजे विचार करा. तसंच पुढे जाऊन तीनेक किलोमीटरवर हाय टेन्शनच्या तारांना लागलं आणि पडलं. ५५ लोक गेले. चौकशीत दोन कारणं आली, एक म्हणजे पायलटनं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, आणि दुसरं म्हणजे विमानाच्या वेळेला बीड रोडवरची वाहतूक थांबवायची जबाबदारी तेव्हाच्या नॅशनल एअरपोर्ट्स अथॉरिटीची होती ती पाळली गेली नाही.

हे दुसरं कारण महत्त्वाचं आहे राव. धावपट्टीच्या तोंडाशी सार्वजनिक रस्ता, त्यावर ट्रक, वर उन्हाळ्याची दुपार, हे सगळं एकत्र आलं की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचित मिळेल. पान आहे त्याला, नाही असं नाही. पण ते पान वाचताना सांगाडा कळतो आणि मांस नाही. त्या रस्त्यावर आधी काय व्यवस्था होती, नंतर काय केलं, वाचलेले ६३ लोक कसे बाहेर पडले, गावकऱ्यांनी काय केलं, हे सगळं तेव्हाच्या मराठी पेपरांत छापून आलेलं असणार, मराठवाड्यात तर आठवडेच्या आठवडे दुसरा विषय नसेल. पण ते पेपर नेटवर नाहीत, असले तरी इंग्रजी संपादकाला वाचता येत नाहीत. आणि निकष काय, तर भरवशाच्या लोकांनी सविस्तर लिहिलंय का! लिहिलंय हो, पण तुमच्या गुगलमध्ये सापडत नाही. इथे ही सर्व्हिस मार खाते.

आणि हे फक्त आपल्याच बाबतीत आहे असं नाही. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ओम्स्कला एरोफ्लोटचं विमान उतरताना धावपट्टीवर उभ्या असलेल्या गाड्यांवर आदळलं, १७८ लोक गेले, सोव्हिएत सरकारनं गुपचूप दाबून टाकलं. त्या काळच्या पेपरात काही शोधायला गेलात तर हाती काय लागणार. नंतर कागद बाहेर आले, रशियन लोकांनी लिहिलं, म्हणून आज पान उभं आहे. म्हणजे अपघात किती मोठा यापेक्षा त्याबद्दल लिहायची मुभा कोणाला होती, कुठल्या भाषेत होती, आणि ते आज सापडतं का, यावर पान ठरतं. नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, दुसरा बरा नियम मला तरी सुचत नाही, पण नियम भाषेला आंधळा नाही एवढं मान्य करा.

जुन्नरचं घ्या. ७ जुलै १९६२, अलिटालियाचं डीसी-८, सिडनीहून रोमला निघालेलं, बँकॉकवरून मुंबईत उतरायचं होतं, रात्रीच्या अंधारात जरा लवकरच खाली आलं आणि जुन्नरच्या डोंगरात आदळलं, ९४ च्या ९४ गेले. पान आहे, नाव 'अलिटालिया फ्लाइट ७७१'. आता जुन्नरच्या माणसाला ७७१ हा आकडा माहीत असायचं काही कारण आहे का. एअरलाइनचं नाव आणि फ्लाइट नंबर असं शीर्षक द्यायची त्यांची पद्धत आहे, शिस्त म्हणून छान आहे, पण शोधणाऱ्याला तारीख आणि गाव आठवतं, नंबर नाही. शिवाय नंबर पुन्हा वापरले जातात. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबईत इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल मद्रासला निघाल्या निघाल्या इंजिन फुटून आगीत पडलं, ९५ लोक गेले, त्याचा नंबर १७१. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, त्याचाही नंबर १७१. एअरलाइन वेगळी म्हणून पानं वेगळी, पण घाईत सर्च करणाऱ्याची गल्लत होणारच.

अहमदाबादवरून आठवलं, ताज्या बातम्या हा ह्या विभागाचा दुसरा कच्चा दुवा. तिथे पान हवं का हा प्रश्नच नव्हता, विमानातले २४२ पैकी २४१ गेले, जमिनीवरचे धरून २६०, ड्रीमलायनरचा पहिलाच जीवघेणा अपघात. पण पहिल्या महिन्यात जे काय चाललं होतं ते बघून डोकं धरायची वेळ आली, टीव्हीवरचा प्रत्येक तज्ज्ञ वेगळं कारण सांगणार, फ्लॅप्स, पक्षी, इंधनात भेसळ, आणि जो तो ते पानात घालायला बघणार. मग जुलैत एएआयबीचा, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, प्राथमिक रिपोर्ट आला, त्यात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद झाल्याचं आलं, आणि आधीचे सगळे तर्क एका फटक्यात शिळे झाले. आंतरराष्ट्रीय पद्धतच अशी आहे की प्राथमिक रिपोर्ट तीस दिवसांत आणि अंतिम शक्यतो वर्षभरात. तर माझं म्हणणं असं आहे की छोट्या अपघातांच्या बाबतीत तरी, जिथे पान हवं की नको अशी शंका आहे, तिथे प्राथमिक रिपोर्ट येईपर्यंत वेगळं पान उघडूच नये, एअरलाइनच्या पानावर दोन ओळी टाका आणि शांत बसा. पण त्यांच्यात उलटं चालतं, पान तासाभरात उघडतात, मग उडवायची चर्चा लागते, मग कोणीतरी म्हणतं आत्ताच काय सांगता येणार, थोडं थांबा, आणि पान राहून जातं. आणि सहा महिन्यांनी परत तपासायला कोण येतंय.

प्रसिद्ध माणूस विमानात असला की पान, ह्या मुद्द्यावर माझं जरा वेगळं मत आहे. होमी भाभा गेले ते एअर इंडियाचं विमान, जानेवारी १९६६, मॉं ब्लांवर, ११७ लोक गेले, त्याला पान हवंच, भाभा नसते तरी हवं होतं. त्याच डोंगरावर १९५० मध्ये एअर इंडियाचंच मलबार प्रिन्सेस आदळून ४८ गेले होते, दोन्ही एकत्र वाचली तर जास्त कळतं. पण संजय गांधींच्या १९८० च्या त्या छोट्या विमानाचं काय, ते त्यांच्या चरित्राच्या पानावरच जास्त चांगलं समजतं, विमानशास्त्राच्या बाजूनं त्यात वेगळं शिकण्यासारखं फार नाही. मिग-२१ चं पण तेच, शेकडो पडली, प्रत्येकामागे एक घर उद्ध्वस्त झालंय, पण प्रत्येकाला पान शक्य नाही, तिथे यादीच बरी.

जिथे ही सर्व्हिस खरंच पाच स्टार घेते ते म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय. मंगळूरच्या २०१० च्या अपघाताचं पान उघडा. १५८ गेले, ८ वाचले. चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेला होता, विमान उंचावरून चुकीचं येत होतं, को-पायलटनं तीनदा गो अराउंड म्हटलं, तरी कॅप्टननं उतरवलं. डोंगर कापून केलेली धावपट्टी, पुढे दरी. आता तिथून कोझिकोडला जा, ऑगस्ट २०२०, तसलीच धावपट्टी, पाऊस, पाठीमागून वारा, २१ गेले, त्यात नागपूरचे कॅप्टन दीपक साठे. मंगळूरनंतर धावपट्टीच्या टोकाला जास्त सुरक्षित जागा सोडा, असं जे सांगितलं गेलं होतं त्याचं दहा वर्षांत काय झालं हा प्रश्न दोन्ही पानं शेजारी ठेवली की आपोआप पडतो. चरखी दादरी १९९६ पण तसंच, दोन विमानांची हवेतच टक्कर, ३४९ लोक गेले, आणि त्यानंतर भारतात टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं झालं. अशा वेळी वेगळ्या पानाची किंमत कळते, एअरलाइनच्या पानावरच्या एका ओळीत हे मावलंच नसतं.

पर्याय काय आहेत तर एव्हिएशन सेफ्टी नेटवर्क, तिथे असलं पान द्यायचं की नाही हे भांडणच नाही, प्रत्येक अपघाताची नोंद, तारीख, विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर, संपलं. माहितीला उत्तम, पण गोष्ट कळत नाही. एव्हिएशन हेराल्ड रोजच्या घटनांसाठी बेस्ट, टायर फुटल्याचं पण मिळतं. आणि आपल्या एएआयबीच्या साइटवर रिपोर्ट असतात, पण संस्थाच २०१२ ची, त्याआधीचं सगळं डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे.

मराठी विकिपीडियाबद्दल थोडंच लिहितो कारण लिहिण्यासारखं थोडंच आहे. २००३ पासून चालू आहे, पण तिथे अपघाताला पान द्यावं की नाही हा प्रश्न यायच्या आधीच अडतं, लिहिणार कोण. दोन-तीन ओळींचं पान असलं तरी नशीब. बांद्र्याच्या समुद्रात १ जानेवारी १९७८ ला सम्राट अशोक पडलं, २१३ लोक, एअर इंडियाचं पहिलंवहिलं जंबो, यावर मराठीत नीट पान असायला नको का, ज्यांनी तो आवाज ऐकला असेल ते लोक अजून वांद्र्याला राहात असतील.

तर स्टार असे: जुन्या गाजलेल्या अपघातांसाठी पाच, ताज्या अपघातांसाठी पहिला महिनाभर दोन, आपल्याकडच्या जुन्या अपघातांसाठी अडीच, चर्चा उघड ठेवल्याबद्दल वरून थोडे. पान उघडलं की आधी तळाच्या संदर्भांच्या तारखा बघायच्या, सगळ्या एकाच आठवड्यातल्या असतील तर ते पान अजून कच्चं आहे असं समजायचं. आणि औरंगाबादच्या त्या अपघाताच्या वेळची लोकमतची, दैनिक 'मराठवाडा'ची नाहीतर दुसऱ्या कुठल्या मराठी पेपरची कात्रणं कोणाच्या घरी असतील तर टाकू नका, विकिपीडियाला संदर्भ ऑनलाइनच पाहिजे असं काही नाहीये, मराठीतला पण चालतो, पेपरचं नाव, तारीख आणि पान नंबर एवढं नीट लिहिलं तरी पुरतं.